दुसऱ्या भागाची वकिली पुरे झाली

नगरमध्ये काय किंवा नाशिक-पुण्यात काय, गाजलेल्या विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग पाहून माणूस बाहेर येतो आणि ‘पहिल्याची सर नाही’ एवढंच बोलतो. तेवढ्यावर त्याला गप्प करायला लोक सरसावतात. एक म्हणतो, तुलनाच करू नका. दुसरा म्हणतो, जुने कलाकार राहिले नाहीत, मग तसं कसं जमणार? तिसरा म्हणतो, पहिला तरी कुठे अस्सल होता, तोही बाहेरूनच उचललेला. आणि चौथा गल्ल्याचा आकडा तोंडावर फेकतो. ही वकिली आता इतकी रुळली आहे की प्रेक्षकालाच स्वतःच्या नापसंतीची लाज वाटू लागली आहे. तिच्यातला एकही मुद्दा टिकणारा नाही आणि तिच्यामुळे मराठी विनोदाचं नुकसान होतं आहे, म्हणून हा प्रतिवाद.

कलाकारांची सबब आधी घेऊ, कारण ती सगळ्यांत भावनिक आहे. ‘झपाटलेला २’चा विषय निघाला की लक्ष्मीकांत बेर्डे यांचं नाव येतंच. बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. महेश कोठारे यांनी १९९३ च्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग २०१३ मध्ये आणला, तोही थ्रीडीत, आणि तात्या विंचू या बाहुल्यासमोर या वेळी बेर्डे यांनी साकारलेल्या लक्ष्याचा मुलगा उभा केला. लक्ष्याची उणीव भासली हे खरं. पण पहिल्या चित्रपटात हसू कुठून येत होतं ते आठवा. बाहुल्यानं आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात त्याला शिरता येणार, अशी अट होती. तो माणूस निघाला लक्ष्या. आणि लक्ष्या जिवाच्या आकांतानं जे सांगतो त्यावर गावात कुणाचाच विश्वास बसत नाही. बोलक्या बाहुल्यांच्या नादाला लागलेल्या पोरानं ‘माझी बाहुली मला मारायला उठलीय’ म्हटल्यावर विश्वास बसेल तरी कुणाचा? भीती आणि हसू एकाच जागी गाठ मारून ठेवलं होतं. बेर्डे त्या गाठीवर नाचले, थोर नाचले, पण गाठ पटकथेनं मारली होती. दुसऱ्या भागात बाहुला चष्मा लावलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर धावून आला. ती गाठ मात्र तशी बसली नाही.

तरीही कुणी म्हणेल, लक्ष्या असता तर निभावलं असतं. त्याला ‘दे धक्का’नं परस्पर उत्तर देऊन ठेवलं आहे. २००८ च्या ‘दे धक्का’तले मकरंद अनासपुरे, सिद्धार्थ जाधव, शिवाजी साटम, मेधा मांजरेकर हे सगळे २०२२ च्या ‘दे धक्का २’मध्ये होते. तीच नावं, तेच जाधव कुटुंब. विनोदाची वेळ चुकणारं त्यात कुणीही नव्हतं. अनासपुरे आणि सिद्धार्थ जाधव यांच्याबद्दल तसं म्हणणं म्हणजे अन्याय होईल. मग हसू का आटलं?

पहिला ‘दे धक्का’ पुन्हा पाहा. कोल्हापूरकडचं एक कुटुंब मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी मुंबईला निघालं आहे. खिशात पैसा नाही, वेळ थोडा आहे आणि गाडी अशी की उतरून ढकलल्याशिवाय ती चालूच होत नाही. या एका खटाऱ्यात लेखकानं सगळं भरून ठेवलं होतं. गाडी सुरू करायची तर म्हाताऱ्यानं उतरायचं, सुनेनं उतरायचं, मेव्हण्यानं उतरायचं, रुसलेल्या पोरानंसुद्धा उतरायचं. ज्यांची आपसात बोलचाल नीट नाही त्यांना एकाच वेळी एकाच दिशेनं जोर लावायला लागतो आणि गाडीनं वेग घेतला की धावत जाऊन चढावं लागतं. कुटुंब म्हणजे काय हे त्या चित्रपटात कुणीही भाषण करून सांगत नाही, कारण दर काही मैलांवर गाडीच ते त्यांच्याकडून करवून घेते. पाथर्डीपासून जामखेडपर्यंत काळी-पिवळी जीपच्या टपावर आणि पायरीवर लटकून ज्यांनी प्रवास केला आहे, त्या आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला त्या धक्क्याची किंमत वेगळी समजावून द्यावी लागली नाही.

दुसऱ्या भागात तेच कुटुंब पैसा मिळवून बसलं आहे आणि लंडनला गेलं आहे. तिथेही त्यांच्यापुढे संकटं उभी केली जातात, धावाधाव होते. पण ती संकटं त्यांच्या घरातून निघालेली नाहीत, ती पटकथेनं बाहेरून आणून समोर टाकली आहेत. कुटुंबाला एकमेकांची गरज उरलेली नाही. ज्याच्याकडे परतीचं तिकीट आहे आणि गावाकडे पैसा आहे, तो परमुलखात हरवला तर आपल्याला फार तर त्याची गंमत वाटते, काळजी वाटत नाही. आणि काळजी नसेल तर खोल हसू येत नाही. गाडी ढकलणाऱ्या जाधवांना पाहून आपण हसलो ते त्यांच्या फजितीला, आणि त्याच क्षणी आपलेही हात त्या गाडीला लागले होते. लंडनमध्ये आपले हात रिकामेच राहतात.

श्रीमंती आली म्हणून विनोद मरतोच असंही नाही. ‘हेरा फेरी’ २००० मध्ये आला, ‘फिर हेरा फेरी’ २००६ मध्ये. बाबूराव आपटे हे तर आपलंच पात्र, आणि त्याची घरमालकी, त्याचं वैतागणं मराठी माणसाला ओळखीचं. दुसऱ्या भागात तिघेही श्रीमंत झालेले दिसतात, पण दिग्दर्शक नीरज व्होरा यांना नेमकं कळलं होतं की बंगल्यात हे तिघे फार काळ टिकणार नाहीत. म्हणून दामदुप्पट पैशाच्या एका योजनेत त्यांना लवकरच कफल्लक केलं आणि पुन्हा एका खोलीत आणून कोंबलं. त्या चित्रपटात पसारा आहे, तो पहिल्याइतका बांधीव नाही. तरी लोक तो आजही पाहतात, याचं कारण त्या एका शहाणपणात आहे.

आता ‘नवरा माझा नवसाचा’, म्हणजे एसटीच्या प्रवासाचा चित्रपट. याबद्दल नगरकरांनी थोडं अधिकारानं बोलावं, कारण १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर याच रस्त्यावर. एसटी आमच्याकडे केवळ वाहन कधीच नव्हतं. क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आमचा, चौदा तालुक्यांचा; एका टोकाला अकोल्याचे डोंगर आणि दुसऱ्या टोकाला जामखेडचं माळरान. या पसाऱ्याला अनेक वर्षं एकत्र शिवलं ते त्या लाल गाडीनं. माळीवाड्याच्या स्टँडवरून निघालेल्या गाडीत कांद्याची पट्टी घेऊन परतणारा शेतकरी, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, कोर्टाच्या तारखेला निघालेले दोन भाऊबंद आणि नवस फेडायला निघालेलं जोडपं असे सगळे एकाच बाकांच्या रांगांत बसतात. कुणाला उतरून जाता येत नाही. आणि या सगळ्यांचा पंच एकच, कंडक्टर. त्याच्या हातात घंटीची दोरी आहे, खांद्यावर पैशाची बॅग आहे. सुट्ट्यावरून, जागेवरून, खिडकीवरून होणारी भांडणं त्यानं मिटवायची. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाडीतच असतो. प्रवाशांची कुंडली त्याला तिसऱ्या थांब्यापर्यंत पाठ होते.

सचिन पिळगांवकर यांनी २००४ च्या चित्रपटात मुंबई-गणपतीपुळे एसटी निवडली आणि अशोक सराफ यांना कंडक्टर केलं, तेव्हा हे सगळं आयतं त्यांच्या हाती आलं. त्यात भर म्हणजे तो नवस: नवऱ्यानं देवळाला नागव्यानं प्रदक्षिणा घालायची. बायकोची श्रद्धा आणि नवऱ्याची लाज यांच्यात माणूस पुरता अडकला, आणि त्याला घेऊन जाणारी गाडी अशी की पळून जायला जागा नाही. रस्ता जसजसा संपत जातो तसतशी लाज जवळ येते. याहून नेमकी रचना काय असू शकते?

२०२४ च्या दुसऱ्या भागात पिढी पुढची आहे, नवसाचा धागा पुन्हा आहे, आणि प्रवास कोकण रेल्वेनं. अशोक सराफ या वेळी टीसी आहेत. मला यामागच्या हेतूत खोट दिसत नाही. वीस वर्षांत कोकणात जाण्याची रीत बदलली, ती दाखवावी असं वाटणं स्वाभाविक आहे. पण टीसी हा कंडक्टर नव्हे. टीसी येतो, तिकीट पाहतो आणि पुढच्या डब्यात जातो. प्रवाशांच्या भांडणाशी त्याचा संबंध दंडापुरता. रेल्वेत ज्याची त्याची जागा आधीच ठरलेली. कुणी कुणाला सरकून बसा म्हणत नाही. गाडी मध्येच थांबवून घाटात उतरता येत नाही, ढाब्यावर सगळ्यांना एका पंगतीला बसवता येत नाही. रेल्वे लांब आहे, म्हणून गोष्टही पसरली. एसटीनं जी माणसं एकमेकांवर दाबून धरली होती, ती डब्याडब्यांत विखुरली. ज्या अशोक सराफ यांना त्याच वर्षी महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान झाला, त्यांच्यासारखा नट हाताशी असताना त्याच्या हातातली घंटीची दोरी काढून घेतली, हे मला अजूनही सोसत नाही.

तिसरा वकील या ठिकाणी हसतो. ‘अस्सल अस्सल काय म्हणता,’ तो विचारतो, ‘नवसाचा म्हणजे बॉम्बे टू गोवा, दे धक्का म्हणजे लिटल मिस सनशाइन, झपाटलेला म्हणजे चाइल्ड्स प्ले. उसन्यावर जगणाऱ्या धंद्यात पहिला काय आणि दुसरा काय?’

आरोपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष साफ चूक. उलट याच माहितीतून खरी गोष्ट कळते. आपल्या विनोदी चित्रपटांतली मोठी नावं खरोखरच उसनवारीची आहेत. ‘धूमधडाका’ १९८५ चा, त्याच्या मागे ‘प्यार किये जा’ आणि त्याच्याही मागे एक तमिळ चित्रपट. आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’, ज्याच्याशिवाय कुठल्याही सुट्टीचं टीव्हीवरचं वेळापत्रक पूर्ण होत नाही, तो हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वरून आला. पण वसंत सबनीस लिहायला बसले तेव्हा त्यांना एका परक्या गोष्टीला पुण्यात जागा शोधून द्यायची होती. मग धनंजय मानेसमोर घरमालक सरपोतदार उभे राहिले, अविवाहितांना खोली न देणारं पुणं आलं, लीलाबाई काळभोर आल्या, त्या काळातल्या नोकरीसाठी शहरात आलेल्या पोरांची घराची अडचण आली. साडी नेसलेला परशुराम विनोदी वाटतो तो साडीमुळे नाही. त्याच्या डोक्यावरचं छप्पर त्या साडीवर टिकून आहे म्हणून वाटतो. लोकनाट्य लिहिलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नव्हतं. वगातला राजा काय किंवा शिपाई काय, प्रत्येकाला आजच्या गावातली भाषा आणि आजच्या गावातली पंचाईत दिल्याशिवाय समोरची मंडळी हसत नाहीत, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

परकं बी आणलं की त्याला आपली माती द्यावीच लागते. ‘लिटल मिस सनशाइन’मधली अमेरिकेतली व्हॅन कोल्हापूरच्या रस्त्यावर आणायची तर कोल्हापूर पुरतं माहीत हवं. दुसरा भाग काढणाऱ्याला हे कष्ट पडत नाहीत. त्याला वाटतं, पात्रं आपलीच, गाव आपलंच, प्रेक्षक ओळखीचा, मग नव्यानं शोधायचं काय? तो स्वतःच्याच चित्रपटातून उसनं घेतो, आणि ते घेताना नावं, चेहरे, लकबी, संवाद उचलतो. ज्या अडचणीतून ते सगळं उगवलं होतं ती तेवढी मागे सोडून देतो. म्हणून मी म्हणतो की दुसऱ्याकडून घेतलेले पहिले चित्रपट अस्सल निघाले आणि स्वतःकडून घेतलेले दुसरे भाग नक्कल ठरले. उसनवारीचा आरोप लावायचाच असेल तर तो या दुसऱ्या भागांवर लावा.

लकबींबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ‘लोक जुने संवाद ऐकायलाच येतात’ हा नवा युक्तिवाद रीलच्या काळात जोरात आहे. यावर आमच्या गावातलंच उदाहरण देतो. प्रा. मधुकर तोरडमल अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. पुढे ते पूर्णवेळ रंगभूमीवर गेले आणि ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधला त्यांचा प्रोफेसर बारवे घराघरांत पोचला, तो ‘ह’च्या बाराखडीमुळे. ऐन वेळी शब्द सुचत नाही किंवा तोंडातून काढवत नाही, तिथे बारवे नुसता ‘ह’ला काना-मात्रा लावून वेळ मारून नेतो आणि प्रेक्षक गाळलेली जागा स्वतः भरतो. त्या नाटकाचे हजारो प्रयोग झाले. पण ती बाराखडी हसवायची, कारण वर्गात पोरांसमोर उभ्या असलेल्या एका चारचौघांतल्या प्राध्यापकाची लाज तिच्यामागे होती. कॉलेजच्या आवारात वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसानं ती पाहिली होती. तो संकोच काढून घेतला आणि नुसता ‘ह’ म्हणत बसलं, तर दुसऱ्या मिनिटाला शांतता पसरेल. दुसऱ्या भागांमध्ये जुन्या संवादावर जी टाळी पडते ती आठवणीला पडते. टाळी संपली की दोन तास उरतातच, ते कशानं भरायचे?

‘तुलना करू नका’ म्हणणाऱ्यांना तर फार वेळ देण्याचं कारण नाही. पोस्टरवर जुनं नाव छापलं, जुनी पात्रं घेतली, जुनी धून वाजवली, तेव्हा तुलनेचं आमंत्रण तुम्हीच दिलंत. नवं नाव ठेवा, आम्ही नव्या नजरेनं पाहू.

आणि दुसरे भाग नशिबानंच फसतात हेही खोटं आहे. राजकुमार हिरानी यांनी २००३ च्या मुन्नाभाईनंतर २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ केला, तेव्हा पहिल्या चित्रपटातलं मेडिकल कॉलेज आणि तिथलं प्रेम चक्क बाजूला ठेवलं. मुन्ना आणि सर्किट तेवढे घेतले आणि त्यांना नव्या पेचात टाकलं: गुंड असून इतिहासाचा प्राध्यापक असल्याचं सोंग, आणि समोर साक्षात गांधीजी. मराठीत सतीश राजवाडे यांनी २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’नंतर २०१५ मध्ये ‘लग्नाला यायचंच’ आणला. पहिल्यात दोन अनोळखी माणसं आणि पुण्यातला एक दिवस. दुसऱ्यात दोन घरं, लग्नाची घाई आणि ऐन वेळी मनात शंका आलेली मुलगी. तो पहिल्याइतका ताजा नव्हता, पण जिवंत होता. दोन्हीकडे कुणीतरी बसून विचारलं होतं की या माणसांची आजची पंचाईत काय आहे. ‘दे धक्का २’ काढताना हा प्रश्न विचारला असता तर लंडनला जाण्याची गरज पडली नसती. हाती पैसा आलेल्या गावच्या मेकॅनिककडे भाऊबंद कसे पाहतात, जुनी गाडी विकायची की दारात ठेवायची, मेव्हण्याला कामाला लावायचं की नाही, यातच एक चित्रपट पडून होता.

राहिला गल्ला. ‘नवरा माझा नवसाचा २’ चांगला चालला, हे मान्य. पण ती कमाई कुणाची? तिकीट काढणारा माणूस २००४ च्या आनंदाचे पैसे २०२४ मध्ये देत असतो. ती पहिल्या चित्रपटाची जमा आहे, आणि प्रत्येक फसलेल्या दुसऱ्या भागाबरोबर ती कमी होत जाते. निर्मात्याला ती एकदा वटवता येते, फार तर दोनदा. शिवाय या हिशेबात एक खर्च कुणी धरत नाही: त्याच पैशात, त्याच पडद्यांवर जे येऊ शकलं नाही त्याचा.

श्रीगोंदा तालुक्यातले दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यानं परीक्षकांची विशेष दाद मिळवली. त्यानंतर ‘बबन’ झाला. २०२३ च्या एप्रिलात त्यांचा ‘टीडीएम’ लागला, इकडच्याच मातीतल्या कष्टकरी तरुणाची गोष्ट, आणि शो मिळेनात म्हणून त्यातल्या नव्या कलाकारांना प्रेक्षकांसमोर रडू कोसळलं. शेवटी चित्रपट थांबवून पुन्हा प्रदर्शित करण्याची पाळी आली. त्या आठवड्यात त्यांच्यासमोर कुठल्याही मराठी विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पडदा कुणाला द्यायचा हे ठरवताना ज्या सवयीनं विचार होतो, ती सवय एकच आहे: ओळखीचं नाव आधी, गोष्ट नंतर. दुसऱ्या भागाची प्रत्येक वकिली त्या सवयीला बळ देते, आणि ते बळ अखेर श्रीगोंद्याच्या, कर्जतच्या, पारनेरच्या पोराच्या विरोधात वापरलं जातं. गल्ल्याचा आकडा फेकणाऱ्यांनी हे एकदा त्या पोरासमोर बसून बोलून दाखवावं.

विषय संपले, म्हणून जुनंच काढावं लागतं, हा शेवटचा बहाणाही ऐकू येतो. या एका जिल्ह्यात फिरून या. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, आणि तोंडात मात्र अजून ‘नगर’च बसलेलं आहे, पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत कुठे काय छापायचं यावर घराघरांत वाद झडत आहेत. ऊस चांगला, घर चांगलं, दारात ट्रॅक्टर, आणि तरी शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, म्हणून सगळं गाव मिळून स्थळं शोधत फिरतं. शनी शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, आणि २०११ मध्ये तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली. बदली होऊन तिथे आलेला मॅनेजर, देवावर भरवसा ठेवायला सांगणारं गाव आणि ऑडिटला येणारा साहेब, एवढी सामग्री तयार असताना ती पटकथा अजून कुणी का लिहिली नाही, याचं उत्तर तिसऱ्या भागाची घोषणा करायला निघालेल्या निर्मात्यांनी द्यावं.